गवतात राहणारी बुरशी आणि तिची चक्रीय पेप्टाइडं : नाशिकमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ‘एंडोफाइट’ (रोपाच्या आत राहणारे सूक्ष्मजीव) हा विषय घेतला की काम साधारण एकाच वळणाने जातं. पानं धुवायची, प्लेटवर मांडायची, उगवेल त्या बुरशीचा अर्क काढायचा, जिवाणूंच्या प्लेटवर अर्काभोवती जिवाणू न वाढलेला गोल (‘झोन’) मोजायचा आणि प्रबंध बांधायला टाकायचा. इतर विषयांसाठी हे चालेलही. पण तुम्हाला गवताच्या आत राहणारी बुरशी छोटी चक्रीय पेप्टाइडं कशी बनवते हे बघायचं असेल, तर या वळणाने गेलात की हाती फार थोडं लागतं. या पेप्टाइडांची जनुकं बुरशी गवतात असतानाच जोमाने चालू असतात. प्लेटवर आणल्यावर त्यांतली कितीतरी थंड पडतात. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर माझा आग्रह एकच आहे: रोप सोडू नका. बुरशी वेगळी काढली तरी ज्या रोपातून ती काढली ते जिवंत ठेवा.

मी या कामातून गेले आहे. नाशिकमध्ये बसून यातलं काय जमतं, कशासाठी पुण्या-मुंबईला जावं लागतं आणि कुठे वेळ फुकट जातो, ते क्रमाने लिहिते.

१. आधी दोन पद्धतींतला फरक पक्का करा

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी. तिची दोन टोकं एकमेकांना जोडली गेली, किंवा मधल्या एखाद्या अमिनो आम्लाची बाजूची शाखा दुसऱ्याला जोडली गेली, की वलय बनतं. वलय झालेला रेणू ताठ राहतो आणि साध्या साखळीइतका सहज तुटत नाही. झाडाच्या रसात प्रथिनं तोडणारी एन्झाइमं भरपूर असतात. तिथे टिकायचं तर हे फार उपयोगी पडतं.

बुरशी असं वलय दोन रीतींनी करते. पहिलीत रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या नेहमीच्या यंत्राचा, संबंधच नसतो. एक अवाढव्य एन्झाइम एकेक अमिनो आम्ल उचलून पुढच्याला जोडत जातं. अकरा अमिनो आम्लांचं सायक्लोस्पोरिन हे औषध असंच बनतं आणि फ्युजेरियम बुरशीचं एनिॲटिनही असंच. राय गवतात राहणाऱ्या एपिक्लोई बुरशीचं पेरामाइन हे कीटकांना खाण्यापासून परावृत्त करणारं छोटं संयुगही याच जातीच्या एन्झाइमातून येतं. एर्गोव्हॅलीन हे गुरांना बाधणारं संयुग बनवण्यातही अशाच एन्झाइमांचा हात असतो.

दुसरी रीत रायबोसोमची आहे, आणि हा लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे. २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी एपिक्लोईतल्या ‘गिग-ए’ या जनुकाचं काम उलगडून दाखवलं. संक्रमित गवतात बुरशीचे जे संदेश-आरएनए सापडतात, त्यांत सर्वाधिक प्रमाणात असणाऱ्यांपैकी हा एक. या जनुकातून एक छोटं, पेशीबाहेर सोडलं जाणारं प्रथिन बनतं. त्यात २७ अमिनो आम्लांचा तुकडा थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक तुकड्यात केक्सिन नावाच्या एन्झाइमाला कापायची जागा असते. उडदाच्या पिठाची लांब वळकटी करून दोऱ्याने पापडाच्या लाट्या पाडतात ना, तसं केक्सिन त्या प्रथिनाचे तुकडे पाडतं. एकाच जनुकातून एकमेकांशी नातं असलेली अनेक पेप्टाइडं मिळतात, ती अशी. त्यांना एपिक्लोइसायक्लिन म्हणतात. ती चक्रीय आहेत हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजून, दाखवलं गेलं. गिग-ए काढून टाकलं तर सगळी एपिक्लोइसायक्लिनं नाहीशी होतात, पण गवताच्या वाढीत डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही. मग बुरशी एवढी ताकद या रेणूंवर का खर्च करते? या विषयात काम करावंसं वाटायला मला हा एक प्रश्न पुरेसा वाटतो.

याच घराण्यातलं दुसरं, जास्त उलगडलेलं उदाहरण म्हणजे उस्टिलॉक्सिन. २०१४ मध्ये अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीत उस्टिलॉक्सिन-बी चं मूळ प्रथिन सापडलं. त्यात टायरोसिन-अलानिन-आयसोल्युसिन-ग्लायसिन हा चौकडा १६ वेळा येतो. इथे वलय टोकाला टोक जोडून होत नाही. टायरोसिनच्या कड्यावरचा ऑक्सिजन आयसोल्युसिनच्या बाजूच्या कार्बनला जोडला जातो. या जोडणीसाठी ‘डीयूएफ३३२८’ नावाच्या गटातली प्रथिनं लागतात. हे नाव लिहून ठेवा, सातव्या पायरीत लागेल.

२. नाशिकमध्ये एपिक्लोई शोधत फिरू नका

नवीन मुलांचे महिनेच्या महिने इथे जातात. सगळे शोधनिबंध एपिक्लोईवर असतात, म्हणून तीच शोधायला अंजनेरीवर चढायचं आणि हात हलवत परत यायचं. एपिक्लोई थंड प्रदेशातल्या गवतांत, म्हणजे राय, फेस्क्यू यांच्या पोटकुळात राहते. आपल्याकडच्या डोंगरांवरची कुसळी, पवना, मारवेल, रोशा ही सगळी उष्ण प्रदेशातली गवतं. निफाडच्या शेतातला गहू त्या थंड पोटकुळातला आहे खरा, पण लागवडीच्या गव्हात एपिक्लोई नैसर्गिकरीत्या राहत नाही.

आपल्याकडे तिचे नातेवाईक आहेत आणि ते भातात भेटतात. भात हेही गवतच.

पहिला नातेवाईक म्हणजे भाताच्या आभासी काजळीची बुरशी, उस्टिलाजिनॉइडिया व्हायरेन्स. ती फुलाच्या आत वाढते आणि दाण्याच्या जागी आधी पिवळसर, मग हिरवट-काळा मखमली गोळा येतो. उस्टिलॉक्सिन मुळात याच गोळ्यांतून वेगळं केलं गेलं. दुसरा म्हणजे उदबत्ता रोगाची बॅलान्सिया. ती बियाण्यातून येते, रोपाच्या आत वाढत राहते आणि निसवताना लोंबी न उलगडता करड्या-पांढऱ्या काडीसारखी ताठ बाहेर पडते. रोपात दडून राहण्याची तिची तऱ्हा एपिक्लोईच्या फार जवळची आहे. तिन्ही बुरशी क्लॅव्हिसिपिटेसी या एकाच कुळातल्या.

माझा सल्ला असा की सुरुवात आभासी काजळीपासून करा. तिचं रसायन माहीत आहे, त्यामुळे तुमची पद्धत चालते की नाही हे लगेच कळतं. ते जमलं की बॅलान्सियाकडे किंवा रानगवतांकडे वळा. तिथे मिळेल ते नवं असण्याची शक्यता जास्त.

इगतपुरी, घोटी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा आपला भातपट्टा. भात निसवायला लागला की सप्टेंबरअखेरपासून चकरा सुरू करा. फुलोऱ्याच्या वेळी पाऊस आणि दमटपणा राहिला तर काजळी जास्त दिसते. शेतकऱ्यांशी आवणीच्या वेळेपासूनच बोलून ठेवा. “मावशी, अशी लोंबी दिसली तर उपटून बांधावर टाकू नका, मला फोन करा,” एवढं सांगून मोबाइलमध्ये फोटो दाखवला की काम होतं. रोगट लोंबी त्यांना तुमच्याआधी दिसते. इगतपुरीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रातही आधी भेटून या.

३. कागदपत्रं आणि साहित्य

खाजगी शेतातून नमुना घेताना मालकाची परवानगी घ्या, शक्यतो लेखी. वनजमिनीतून घ्यायचा तर वन विभागाची परवानगी लागते. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे. तिथून विनापरवाना एक काडीही उचलू नका. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवून ठेवा. बुरशी किंवा गवताचा नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा, २००२ नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्यावी लागते. “सोबत थोडं पाठवून दे” असं कुणी सहज म्हटलं तरी पाठवू नका.

साहित्य असं लागतं:

- कागदी पाकिटं, पेन्सिल, बर्फाचा डबा, जिवंत रोप मातीसकट आणायला पिशव्या आणि कुंड्या
- ७० टक्के अल्कोहोल, सोडियम हायपोक्लोराइट, निर्जंतुक पाणी
- बटाटा-डेक्स्ट्रोज अगार, जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल
- ॲनिलिन ब्लू, लॅक्टिक आम्ल, साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक
- मिथेनॉल, अर्क स्वच्छ करायला सी-१८ कार्ट्रिज
- हातमोजे आणि मास्क

शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष नको. उस्टिलॉक्सिन पेशींतल्या सूक्ष्मनलिका बनू देत नाही, म्हणजे ते प्राण्यांच्या पेशींनाही विषारी आहे. काजळीचे गोळे उघड्या हातांनी चुरडू नका. बाजरीवरचा अरगट हा बुरशीरोग हाताळतानाही हीच काळजी घ्या.

४. नमुना घेताना दोन गोष्टी एकदम घ्या

एक, रोगट किंवा संशयित रोप मुळासकट, मातीसकट. दोन, त्याच खाचरातलं, त्याच वाणाचं निरोगी दिसणारं रोप. दुसरं नसेल तर पुढचं सगळं लटकतं, कारण पेप्टाइड बुरशीचं की भाताचं हे सांगायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

बॅलान्सियावर काम करायचं असेल तर संक्रमित शेतातलं बियाणं घेऊन त्याचे दोन भाग करा. एक भाग ५४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. उदबत्ता रोगासाठी हीच बीजप्रक्रिया सांगितली जाते, आणि बुरशीमुक्त तुलनेची रोपं तुम्हाला त्यातून मिळतात. तापमान कमी पडलं तर बुरशी वाचू शकते, फार जास्त झालं तर बी मरतं. तेव्हा गॅसवरच्या पातेल्याच्या भरवशावर राहू नका, तापमान राखणारं वॉटर बाथ वापरा.

नमुना घेतलेल्या जागेचं नाव, तारीख, वाण, वाढीची अवस्था पाकिटावर तिथल्या तिथे लिहा. पोटरीतला भात आणि निसवलेला भात यांतली पेप्टाइडं सारखी असतीलच असं नाही.

५. प्लेटआधी सूक्ष्मदर्शक

पानाच्या बुडाशी खोडाला वेढणारं आवरण असतं. त्याच्या आतल्या बाजूची पातळ साल चिमट्याने सोलून ॲनिलिन ब्लूच्या थेंबात ठेवा, काच किंचित गरम करा आणि बघा. एपिक्लोईचे तंतू पेशींच्या मधून, पानाच्या लांबीला समांतर, फारशा फांद्या न फुटता जातात आणि पेशीत शिरत नाहीत. आपल्या गवतांत असंच चित्र दिसलं तर रोप जपून ठेवा. तंतू आडवेतिडवे पसरलेले आणि पेशी फोडून आत गेलेले दिसले, तर तो बहुधा साधा रोगकारक किंवा नंतर शिरलेला पाहुणा असतो.

या पायरीला खर्च जवळजवळ नाही. तरी बरेचजण ती गाळतात आणि प्लेटवर काय उगवलं यावरून रोपात काय राहतं ते ठरवतात.

६. बुरशी वेगळी करणं, आणि वाट पाहणं

तुकडे वाहत्या पाण्यात धुवा. मग १ मिनिट ७० टक्के अल्कोहोल, ३ ते ५ मिनिटं हायपोक्लोराइट (उपलब्ध क्लोरीन साधारण १ ते २ टक्के), पुन्हा अर्धा मिनिट अल्कोहोल आणि शेवटी निर्जंतुक पाण्यात तीन वेळा. शेवटचं पाणी वेगळ्या प्लेटवर पसरवा. त्यावर काही उगवलं तर पृष्ठभाग स्वच्छ झालेला नाही आणि तो सगळा गट बाद.

यानंतर सापळा येतो तो वेळेचा. तीन-चार दिवसांत अल्टरनेरिया, फ्युजेरियम, कीटोमियम धावत येतात आणि प्लेट भरून टाकतात. आपल्याला हवी ती या कुळातली बुरशी संथ असते. एपिक्लोईला तुकड्यातून बाहेर पडायलाच काही आठवडे लागतात. म्हणून एका प्लेटवर थोडेच तुकडे ठेवा, धावणारी बुरशी दिसताच तो तुकडा कापून काढा आणि उरलेल्या प्लेट दीड महिना टाकू नका. लॅबमधली जागा अडते म्हणून कुणी कुरकुर केली तर प्लेटवर “टाकू नये” असं तारीख घालून लिहा.

ओळख पटवायला आयटीएस भागाचं, म्हणजे बुरशी ओळखायला वापरतात त्या डीएनएच्या तुकड्याचं, अनुक्रमण करा. डीएनए पानातून थेट काढलं असेल तर बुरशीपुरता चालणारा ‘आयटीएस१-एफ’ प्रायमर (हवा तो भाग निवडणारा डीएनएचा छोटा तुकडा) घ्या, नाहीतर भाताचंच आयटीएस वाचून येईल. आणि साहित्य शोधताना जुनी नावं विसरू नका: आज जिला एपिक्लोई म्हणतात, तिच्या बिनलैंगिक प्रकारांना १९८२ नंतर ॲक्रेमोनियम आणि १९९६ नंतर निओटायफोडियम म्हणत. २०१४ मध्ये सगळं एपिक्लोईत एकत्र आलं. जुने चांगले निबंध त्या नावांखालीच सापडतात.

७. जनुक शोधा

हे काम लॅपटॉपवर, मोफत साधनांनी होतं. हातात पैसे नसलेल्या मुलांनी इथे मन लावावं असं मला फार वाटतं. उस्टिलाजिनॉइडिया व्हायरेन्स, कितीतरी एपिक्लोई आणि त्यांच्या इतर नातलगांचे जीनोम एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या संग्रहावर खुले आहेत.

मूळ प्रथिन ओळखायच्या खुणा अशा: लांबीने लहान, सुरुवातीला पेशीबाहेर जाण्याचा संकेत, त्यानंतर एकसारखे तुकडे पुन्हा पुन्हा, आणि त्या तुकड्यांच्या सीमेवर लायसिन-अर्जिनिन ही जोडी. हीच केक्सिनची कापायची जागा. संकेत बघायला ‘सिग्नल-पी’ आणि पुनरावृत्ती शोधायला ‘राडार’ हे प्रोग्रॅम वापरा. पण मूळ प्रथिनापासून सुरुवात करू नका, त्याचा क्रम जातीगणिक बदलतो आणि सारखे क्रम शोधणाऱ्या ‘ब्लास्ट’मध्ये ते हाती लागत नाही. आधी डीयूएफ३३२८ गटातली प्रथिनं शोधा, ती जास्त जपली गेलेली असतात. मग त्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-वीस जनुकं डोळ्यांनी वाचा. जीनोममध्ये असे जनुकगट शोधणाऱ्या ‘अँटिस्मॅश’ची बुरशीसाठीची आवृत्ती हे काही प्रमाणात आपोआप करते, पण तिने काही दाखवलं नाही म्हणजे काही नाहीच, असं समजू नका.

दोन अडचणी नक्की येतील. पहिली, जनुक ओळखणाऱ्या प्रोग्रॅमांना अशी छोटी जनुकं दिसत नाहीत, किंवा ‘अज्ञात प्रथिन’ म्हणून पडून राहतात. म्हणून मोकळी दिसणारी जागा सहाही वाचनचौकटींत भाषांतरित करून बघा. दुसरी, आखूड तुकड्यांच्या अनुक्रमणातून जीनोम जुळवताना एकसारखे तुकडे एकमेकांवर बसतात. खरे दहा असतील तिथे चार दिसतात. पुनरावृत्तीची संख्या सांगायची असेल तर लांब वाचनाचा डेटा हवा, किंवा पुनरावृत्तीच्या दोन्ही बाजूंना बाहेर प्रायमर ठेवून पीसीआर करून लांबी मोजा. प्रायमर तुकड्यांच्या आत ठेवला तर जेलवर शिडीसारख्या ओळी येतात.

जनुक सापडलं की ते चालू आहे का ते बघा: एकदा रोपात, एकदा प्लेटवर. आरएनएसाठीचे तुकडे शेतातच द्रव नायट्रोजनमध्ये किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाका. घोटीहून नाशिकला येईपर्यंत साध्या पिशवीत आरएनए राहत नाही. रोपात चालू आणि प्लेटवर बंद असं दिसलं, तर तुमच्या प्रबंधातली ती मोठी गोष्ट आहे. तिला परिशिष्टात ढकलू नका.

८. रेणू पकडा

नमुना गोठवून सुकवा, बारीक वाटा, ८० टक्के मिथेनॉलमध्ये अर्क काढा, सी-१८ वरून स्वच्छ करा. इथपर्यंत महाविद्यालयात होतं. मास स्पेक्ट्रोमीटरसाठी पुण्यातल्या विद्यापीठाची किंवा मुंबई आयआयटीतली सुविधा वापरता येते. अर्ज आधीच करून ठेवा आणि वस्तुमान दशांशाच्या चार स्थळांपर्यंत देणारं यंत्रच मागा.

काजळीच्या गोळ्यांतून पहिली तपासणी सोपी आहे. उस्टिलॉक्सिन-ए चं एक प्रोटॉन जोडलेलं वस्तुमान ६७४.२७ च्या आसपास आणि बी चं ६४६.२४ च्या आसपास दिसतं. दोघांत एका जागी व्हॅलीन की अलानिन एवढाच फरक, म्हणून अंतर २८.०३. हे दोन दिसले की तुमची पद्धत चालते.

अनोळखी पेप्टाइडासाठी सातव्या पायरीतल्या क्रमावरून सरळ साखळीचं वस्तुमान काढा. टोकाला टोक जोडलं असेल तर त्यातून १८.०१ वजा होतात, कारण पाण्याचा एक रेणू जातो. बाजूच्या शाखांत ऑक्सिडीकरणाने जोड झाला असेल तर २.०२ वजा होतात, दोन हायड्रोजन जातात. हे शोधून बघा, पण लगेच जाहीर करू नका. सरळ पेप्टाइडही यंत्राच्या तोंडाशी तापून पाणी गमावतं आणि चक्रीय असल्याचा भास देतं. सरळ साखळीचं आणि पाणी गेलेलं, ही दोन्ही शिखरं यंत्राआधीच्या, रेणू वेगळे करणाऱ्या स्तंभातून अगदी एकाच वेळी बाहेर येत असतील तर हाच भास समजा. खरं चक्रीय पेप्टाइड सहसा वेगळ्या वेळी येतं. ते फोडायला ऊर्जा जास्त लागते आणि वलय अनेक जागी उघडत असल्याने तुकड्यांचा नकाशा गुंतागुंतीचा येतो.

आणखी एक फसवणूक आतल्या जिवाणूंची. भातात बॅसिलस हमखास असतो आणि त्याची चक्रीय लिपोपेप्टाइडं अर्कात उतरतात. १००८, १०२२, १०३६ अशी १४-१४ च्या अंतराने शिखरं दिसली तर ते सर्फॅक्टिन आहे. अंतर्वासी बुरशीचा शोध म्हणून ते लिहू नका. ‘जीएनपीएस’ या खुल्या संग्रहाशी तुकड्यांचा नकाशा जुळवून बघितला की असे बरेच ओळखीचे चेहरे बाजूला होतात.

निरोगी, बुरशीमुक्त रोपाचा अर्क त्याच दिवशी, त्याच यंत्रावर चालवा. जे शिखर तिथेही आहे ते खोडून टाका.

९. लेखी नोंद आणि जमा करणं

बुरशीचं कल्चर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करा आणि मिळालेला क्रमांक प्रबंधात द्या. गवताचा वाळवलेला नमुना भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात ओळखून घ्या. रानगवतांत कुसळी आणि तिच्या भावंडांत गोंधळ फार होतो. अनुक्रम एनसीबीआयवर टाका, मास स्पेक्ट्रमच्या मूळ फाइली जीएनपीएसवर.

अहवालात “नवीन चक्रीय पेप्टाइड सापडलं” हे वाक्य लिहायला तीन गोष्टी हातात हव्यात: क्रम सांगणारं जनुक, त्या क्रमाशी जुळणारं वस्तुमान आणि तुकड्यांचा नकाशा, आणि बुरशीमुक्त रोपात त्याचा अभाव. जनुक काढून टाकून पेप्टाइड नाहीसं होतं हे दाखवता आलं तर उत्तमच, पण एम.एस्सी.च्या वेळेत ते क्वचित होतं. तिन्हींपैकी दोनच असतील तर “संभाव्य” हा शब्द घाला. आणि कुंडीतली रोपं तोंडी परीक्षा होईपर्यंत, किंबहुना तुमच्या जागी पुढचा विद्यार्थी येईपर्यंत जगवा. दर हंगामाला त्यांचं बी धरून ठेवा, आणि पुढच्या आवणीला ताजं बीच पेरा. एपिक्लोई तर साध्या खोलीत ठेवलेल्या बियाण्यात वर्ष-दोन वर्षांत मरून जाते, बी उगवत असलं तरी. म्हणून प्रत्येक पिढीत दोन-चार रोपांची साल सोलून, निळ्या रंगात तंतू दिसतात का ते तपासा आणि कुंडीवर तारीख लिहा.